कोरा चहा

पहिल्या घरी कोरा चहा पुढे आला तेव्हा आप्पांच्या धाकट्या मुलाला त्यात काही वावगे वाटले नाही. घरातले दूध डेअरीवर गेले असेल, एवढाच विचार त्याने केला आणि कप संपवला. उमेदवाराने पुढ्यात येईल ते प्यायचे असते. सकाळपासून तो तेच करत होता. पुढ्यात येईल ते प्यायचे, हातात दिलेले मूल कडेवर घ्यायचे, आणि ज्याचे नाव आठवत नसेल त्याच्या खांद्यावर हात टाकून "काय, विसरलात ना मला?" असे आपणच म्हणून मोकळे व्हायचे. आधीच्या दोन्ही गावांत हे झकास जमले होते.

दुसऱ्या घरीही चहा कोराच आला. तिसऱ्या घरी तर उतू जाऊ पाहणारे दुधाचे पातेले बाईने घाईने खाली उतरवले, ते त्याने उंबऱ्यातून स्वतः पाहिले. तरी कपात दुधाचा थेंब नव्हता.

चौथे घर निवृत्त मास्तरांचे. त्यांनी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, पंखा लावला होता, आगतस्वागतात कुठे कमी नव्हते. शेजारच्या गोठ्यातून गाय हंबरत होती.

"काय मास्तर, दूध महाग झालं का वस्तीत?" धाकट्याने हसत खडा टाकून पाहिला.

"छे, दूध भरपूर आहे," मास्तर म्हणाले. "पण आमच्या दुधाचा काय भरवसा? उगाच तुमच्या पोटात पाणी जायचं."

बरोबरचे कार्यकर्ते हसायला गेले आणि मध्येच थांबले, कारण मास्तर हसत नव्हते. बाहेर जीपवरचा भोंगा ओरडत होता, 'आप्पांच्या घरातला माणूस! मापात पाप नाही!'

"एक विनंती आहे," रिकामे कप गोळा करत मास्तर म्हणाले. "मत कुणाला द्यायचं ते आमचं आम्ही बघू. पण ते वाक्य आमच्या वस्तीत वाजवू नका."

धाकट्याने भोंगा बंद करायला लावला. मग उरलेली घरे त्याने कशीबशी आटोपली. सगळीकडे हात जोडलेले, सगळीकडे "या, बसा", आणि सगळीकडे तोच काळा चहा. चौकात आत्याचे घर होते. आप्पांची ही थोरली बहीण. तिचे दार उघडे होते, पण ती बाहेर आली नाही आणि तोही आत गेला नाही. त्या दारात आप्पांच्या घरातले कुणी कितीतरी वर्षांत गेले नव्हते.

का गेले नव्हते, ते त्याला ठाऊक होते. किंबहुना सकाळच्या पहिल्याच सभेत त्याने ते माईकवरून सांगितले होते. आप्पांनी डेअरी सुरू केली तेव्हाची गोष्ट. लॅक्टोमीटरची काचेची नळी दुधात सोडायची, डिग्री कमी लागली की दुधात पाणी आहे असे समजायचे. असे दूध आप्पा परत देत नसत. सगळ्यांच्या देखत डेअरीच्या पायरीवरून गटारात ओतून टाकत. ओढ्यापलीकडच्या या वस्तीचे दूध वरचेवर असे ओतले गेले, आणि वस्तीला आसपासची गावे 'पाणीवाले' म्हणू लागली. एकदा सख्ख्या थोरल्या बहिणीच्या दुधाला डिग्री लागली नाही. आप्पांनी तेही ओतले. "सख्ख्या बहिणीलाही ज्यांनी सोडलं नाही, त्यांचा मी मुलगा!" या वाक्याला सकाळी टाळ्या पडल्या होत्या. आता जीपमध्ये बसताना त्याच टाळ्या आठवून त्याने भोंग्याचा माईक सीटखाली सरकवला. जीप सरळ डेअरीवर घे, असे त्याने ड्रायव्हरला सांगितले.

*

थोरली सून डेअरीमागच्या मोरीत कॅन घासत होती तेव्हा दिराची जीप आली. दिराच्या निवडणुकीचे तिला सोयरसुतक नव्हते. गेल्या वर्षी चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा निम्मे घर धाकट्याकडे गेले आणि सगळी डेअरी, गाळ आणि वास यांच्यासकट, तिच्या आणि नवऱ्याच्या गळ्यात पडली. दीर तेव्हा म्हणाला होता, "डेअरी तुम्हालाच ठेवा, मला लोभ नाही." ते वाक्य ती अजून विसरली नव्हती.

पण आज त्याचा चेहरा पाहून तिने घासणे थांबवले. ती हात पुसत आत गेली.

दूध मोजायच्या खोलीत तिघे होते. आप्पा भिंतीशी त्यांच्या जुन्या स्टुलावर, थोरला टेबलापाशी, आणि धाकटा उभाच.

"एकजात सगळ्यांनी, आप्पा. ठरवून. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं."

"मग?" आप्पा म्हणाले.

"मग काय? ती वस्ती गेली तर मी गेलो. परवा मतदान आहे. तुम्ही उद्या माझ्याबरोबर या आणि चारचौघांत सांगा की झालं गेलं, चुकलो असेन तर माफ करा."

"मी चुकलो नाही."

"असेन तर, म्हणतोय मी. असेन तर!"

"नळीत दिसलं ते मी सांगितलं. नळीवरची एक रेघसुद्धा पदरची इकडची तिकडे केली नाही."

"बरोबर आहे आप्पांचं," थोरला म्हणाला. तो टेबलावरच्या डागाकडे बघत होता. "त्यांनी का माफी मागायची? तुला खुर्ची हवी म्हणून?"

या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. गप्प बसायची होती, आणि त्यात सगळेच तरबेज होते. थोरल्या सुनेच्या मनात मात्र एक गोष्ट बरीच वर्षे पडून होती. ती तिने कधी विचारली नव्हती, कारण सून म्हणून आल्या आल्याच तिला कळले होते की इथे कामे सांगतात, कारणे सांगत नाहीत.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "नळी बरोबर होती, तर मग त्या वस्तीचे कॅन आपण हौदात का ठेवतो?"

थोरला टेबलावरचा डाग नखाने खरवडू लागला.

"मी लग्न होऊन आले तेव्हापासून ठेवतेय. बाकी गावांचं दूध आलं की लगेच नळी. त्यांचं सगळ्यात आधी येतं, ते गार पाण्यात ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी मोजायचं. ते लोक बिचारे रांगेच्या शेवटी उभे राहतात. मला वाटायचं, शिक्षा म्हणून असेल."

"तू कॅन घास जा," थोरला म्हणाला.

"घासून झाले."

थोरल्याने बापाकडे पाहिले. इतकी वर्षे ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती, ती काही बापावरच्या मायेने नव्हे. सांगून टाकायचे धैर्य नव्हते म्हणून. धाकटा लाडका, शिकलेला, बोलका. थोरल्याच्या वाट्याला आप्पांचा फक्त विश्वास आला होता, आणि तो याच एका गोष्टीमुळे आला होता. ती गेली की हातात काय उरणार, हे त्याला नीट दिसत होते. पण बायको समोरून हलत नव्हती.

"मला डेअरीच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं," शेवटी तो म्हणाला. "तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं. ताजं काढलेलं दूध कोमट असतं, त्यात फेस असतो. तसंच मोजलं तर नळी खाली जाते. डिग्री कमी दाखवते. पाण्याचा थेंब नसला तरी."

"म्हणजे?" धाकट्याने विचारले.

"म्हणजे लांबच्या गावांचं दूध इथं येईस्तोवर निवायचं. ते पास व्हायचं. वस्ती ओढ्यापलीकडे. धार काढली की कॅन डोक्यावर घेऊन ते लोक इथं हजर. चांगलं ताजं दूध म्हणून पळत यायचे." थोरल्याने भिंतीवरच्या नळीकडे बोट दाखवले. "नुसतं थोडा वेळ थांबायचं होतं. बाकी काही नाही."

थोरली सून खाली बसली. किती सकाळी तिने ते कॅन हौदात उतरवले होते, आणि आपण त्या लोकांना धडा शिकवतोय असे समजून उतरवले होते.

"आप्पांना सांगितलंत?"

"घरी आल्या आल्या सांगितलं."

"आणि?"

"हौद बांधला," आप्पा म्हणाले. सगळ्यांनी दचकून त्यांच्याकडे पाहिले. "दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. त्यानंतर त्या वस्तीचं दूध एकदाही ओतलं नाही."

"आणि लोक म्हणायला लागले, आप्पांनी पाणीवाल्यांना वळण लावलं," थोरला म्हणाला. "सत्कार झाला होता. तो फोटो आहे ना तुझ्या पत्रकावर, त्या सत्काराचाच आहे."

धाकटा खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले. वहिनीला वाटले, आता हा रडेल. तिला त्याची दया आली, अगदी मनापासून आली. पण त्याने तोंडावरून हात काढले तेव्हा तो पुन्हा उमेदवार झाला होता.

"हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"आत्ताच तर आप्पांनी माफी मागावी म्हणत होतात!"

"तेव्हा ती नुसती माफी होती, वहिनी. आता गुन्हा आहे. आप्पांनी एकट्या त्या वस्तीचं दूध ओतलंय का? प्रत्येक गावात कुणाचं ना कुणाचं ओतलंय. उद्या जो तो म्हणेल, आमचंही चांगलंच होतं. ज्यांनी खरंच पाणी घातलं होतं, ते तर सगळ्यात मोठ्यानं ओरडतील."

"ते मात्र खरं," थोरला म्हणाला.

चुली वेगळ्या झाल्यापासून दोघा भावांचे एकमत झाले ते हे पहिलेच. थोरल्या सुनेने नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता, आणि तो तिला बघवला नाही.

मग धाकट्यानेच तोडगा काढला. आप्पांनी सकाळी आत्याकडे जायचे. माफी नाही, भाषण नाही. ओट्यावर बसायचे, ती देईल तो चहा घ्यायचा आणि उठायचे. बहीण आहे, दारातून परत पाठवणार नाही. चौकात वस्ती बघत असेल. आत्याने एकदा चहात दूध घातले की बाकीची घरे आपोआप घालतील.

"काही बोलायचं नाही, आप्पा. फक्त प्यायचा."

आप्पांनी होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. ते स्टुलावरून उठले आणि भिंतीवर टांगलेली नळी काढून त्यांनी नेहमीसारखी स्वच्छ फडक्याने पुसून ठेवली.

*

सकाळी ओढ्यावरच्या साकवापर्यंत जीप गेली. पुढे आप्पा पायी निघाले. थोरली सून त्यांच्यामागून चालत होती. तिला कुणी बोलावले नव्हते, पण तिला घरी थांबवणेही कुणाला जमले नव्हते. दोघे भाऊ कार्यकर्त्यांसह मास्तरांच्या अंगणात उभे राहिले. तिथून आत्याचा ओटा सरळ दिसत होता. घराघरांतून माणसे काही ना काही निमित्त काढून बाहेर आली होती. कुणी उगाच अंगण झाडत होते, कुणी झाडलेलेच पुन्हा.

आप्पांना त्यांची थोरली बहीण, अक्का, ओट्यावरच दिसली. केस पार पांढरे झाले होते. ती शेंगा निवडत होती. तिने वर पाहिले, आणि आप्पांना वाटले, आता ही उठून आत जाईल आणि दार लावेल. तसे झाले असते तर फार सोपे झाले असते.

"पायरी फुटलीय," अक्का म्हणाली. "जपून चढ."

ते चढले. तिने सूप बाजूला सारले आणि आपल्या पदराने फळी पुसली. लहानपणी शाळेत सोडताना ती बाक अशीच पुसून द्यायची.

"गुडघे दुखतात का?"

"दुखतात."

"माझेही. आपल्या आईचेच आलेत." ती सुनेकडे वळली. "तू थोरल्याची ना? ये, बस. उभी नको राहू."

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. अक्का बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एकच कप होता, आणि चहा दुधाचा होता. चांगला दाट, वर साय धरू लागलेला. मास्तरांच्या अंगणात कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, तो ओट्यापर्यंत ऐकू आला. तो धाकटा होता.

आप्पांनी कप हातात घेतला.

"घे," अक्का म्हणाली. "आता किती दिवस राहिलेत आपले. इथले सगळे म्हणायचे, भावानं मुद्दाम केलं, मोठेपणा मिरवायला केलं. मी कधी तसं मानलं नाही. मी यांनाही सांगायचे, तो वाईट नाही हो, त्याच्या नळीत काहीतरी चुकत असेल, पण तो खोटं बोलणार नाही. शेवटच्या आजारात सुद्धा हे म्हणाले, मी पाणी घातलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यालाही कधीतरी कळेल, आणि कळलं की तो धावत येईल." तिने डोळे पुसले. "आलास बाबा एकदाचा. उशिरा का होईना."

कप ओठांपासून वीतभर लांब होता. एक घोट घेतला की झाले असते. मुलगा निवडून आला असता, बहीण घरी आली असती, आणि हिशेब मागायला अक्काचा नवराही आता उरला नव्हता. आप्पांना हे सगळे दिसत होते. पण 'धावत येईल' हे शब्द त्यांना गिळता येईनात, आणि ते गिळल्याशिवाय चहाही गिळता येणार नव्हता.

"अक्का," ते म्हणाले. "तुमचं दूध गरम असायचं. ताजं असायचं म्हणून नळी चुकायची. पाणी नव्हतं."

"ते मला काय सांगतोस? धार तर मीच काढत होते." ती हसली. "तुला कळलं, बास."

"मला काल नाही कळलं."

अक्काचे हसू तसेच राहिले, पण डोळे बदलले.

"कधी कळलं?"

"थोरल्याच्या लग्नाआधी. हौद बांधला ना, तेव्हा."

ती काही वेळ ओट्याखालच्या जमिनीकडे बघत राहिली. तिच्या मनात काय मोजणे चालले आहे, ते आप्पांना कळत होते. तेच मोजणे त्यांनी कितीतरी पहाटे अंथरुणात केले होते.

"म्हणजे तेव्हा हे होते," अक्का म्हणाली. "हिंडतफिरत होते."

"होते."

"हे डेअरीवर यायचे रांगेला. शेवटी उभे राहायचे. तू रोज बघायचास."

"रोज बघायचो."

"पाणीवाला म्हणूनच गेले रे ते." ती हे अगदी हळू म्हणाली. "मी मात्र तुझीच बाजू घेत बसले. मरणाऱ्या माणसापुढे."

आप्पांनी मान खाली घातली. थोरल्या सुनेने तोंडाला पदर लावला होता.

अक्काने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. हिसकावला नाही, लहान मुलाच्या हातून घ्यावा तसा बोटे सोडवून घेतला. फुटकी पायरी सांभाळत ती खाली उतरली, घरापुढच्या गटारापाशी उभी राहिली, आणि सगळ्या वस्तीच्या देखत तिने तो चहा ओतला. शेवटचा थेंब पडेपर्यंत कप उपडा धरून ठेवला. मग आप्पांकडे न बघता ती आत गेली. दार तिने लावले नाही. आतून कप विसळल्याचा आवाज आला.

मास्तरांच्या अंगणात धाकटा खाली बसला होता. थोरला त्याच्याशेजारी उभा होता, आणि कुणाचा हात धरावा हे त्याला कळत नव्हते. थोरली सून उठली, ती सासऱ्यांकडे गेली नाही. अर्धवट राहिलेल्या शेंगांचे सूप उचलून ती आत्याच्या मागे घरात गेली.

आप्पा एकटेच पायरी उतरले. गटारापाशी येऊन थांबले. चहा मातीत मुरत होता, कडेला थोडी साय राहिली होती. त्यांनी वाकून पाहिले. आयुष्यभर दूध बघितलेला माणूस होता तो.

मग त्यांनी मान वर केली आणि चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले,

"दूध चांगलं होतं."